फरशीवरचा रोबोट : आपल्या वस्तीतल्या लहान मुलांना कोडिंग कसे शिकवता येईल?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच शाळांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांची ओळख करून दिली जाईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुरू करावेत असे म्हटले होते. म्हणजे पाच वर्षांत हा विषय सहावीवरून तिसरीवर आला. तिसरीतले मूल जेमतेम आठ वर्षांचे असते.

अशा बातम्या आल्या की पालघर-बोईसरच्या पालकांकडून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक, एवढ्या लहान मुलाला कोडिंग कशाला? दोन, ते आपल्याला परवडणार आहे का? पहिला प्रश्न विचारणारे पालक विषय बाजूला ठेवतात आणि दुसरा विचारणारे कर्ज काढून क्लास लावण्याच्या विचारात पडतात. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटर म्हणजे पैसा, हे समीकरण दोघांच्याही मनात पक्के बसलेले आहे. चार ते आठ या वयासाठी ते समीकरण चुकीचे आहे. या वयात कोडिंग शिकायला लागते फरशी, खडू, पुठ्ठ्याचे बाण आणि योग्य प्रश्न विचारणारे एक मोठे माणूस. रोबोट मिळाला तर उत्तमच, पण त्याचा नंबर नंतरचा.

कोडिंग म्हणजे नेमके काय?

यंत्राला आपल्या मनातले कळत नाही. घरात आपण म्हणतो, "जरा चहा टाक." ऐकणाऱ्याला पातेले कुठे आहे, पाणी किती घ्यायचे, गॅस कधी बंद करायचा हे ठाऊक असते. यंत्राला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला प्रत्येक पायरी सांगावी लागते, योग्य क्रमाने सांगावी लागते, आणि दोन अर्थ निघणार नाहीत अशा शब्दांत सांगावी लागते. अशा क्रमवार सूचनांचा संच म्हणजे प्रोग्राम आणि त्या सूचना यंत्राला समजतील अशा खुणांत लिहिणे म्हणजे कोडिंग.

लहान मुलांसाठी यात पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली क्रम : आधी काय, नंतर काय. दुसरी अचूकपणा : "थोडे पुढे जा" असे म्हणायचे की "तीन पावले पुढे जा". तिसरी पुनरावृत्ती : तेच काम चार वेळा करायचे असेल तर चार वेळा न लिहिता एकदाच लिहून "असे चार वेळा" म्हणणे. चौथी अट : असे झाले तर हे कर, नाहीतर ते कर. आणि पाचवी, सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चूक शोधणे : ठरवल्याप्रमाणे झाले नाही, तर गडबड कुठल्या पायरीवर झाली हे शांतपणे तपासणे.

या पाचांपैकी एकाही गोष्टीला पडदा लागत नाही. मोबाईलचीही गरज नाही. पाच वर्षांखालील मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत ठेवावा, कमी असेल तितका चांगला, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिली आहे. त्यामुळे कोडिंगच्या नावाखाली चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाईल देण्याचे काही कारण नाही.

कासवापासून मधमाशीपर्यंत

लहान मुलांनी यंत्राला आज्ञा द्याव्यात ही कल्पना सुमारे साठ वर्षे जुनी आहे. सेमूर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. तरुणपणी ते वर्णभेदविरोधी चळवळीत होते. पुढे जिनिव्हात त्यांनी बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम केले आणि नंतर ते अमेरिकेतील एमआयटीत गेले. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. या भाषेतल्या आज्ञांनी जमिनीवर एक छोटा रोबोट चालवता येई. त्याला कासव म्हणत. त्याला पेन लावलेले असे आणि ते चालेल तशी कागदावर रेघ उमटे.

पॅपर्ट यांचे म्हणणे साधे होते. कासव कुठे वळेल हे मुलाला कळत नसेल, तर मुलाने स्वतः उठून कासवासारखे चालून पाहावे. शरीराला जे कळते, तेच पुढे गणितात कळते. यंत्राने मुलाला शिकवायचे, की मुलाने यंत्राला शिकवायचे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता आणि त्यांचे उत्तर दुसऱ्या बाजूचे होते.

आज त्याच कासवाचे वारस अनेक शाळांत दिसतात. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे मधमाशीच्या आकाराचा 'बी-बॉट'. त्याच्या पाठीवर पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ अशी बटणे असतात. मूल आधी बटणांनी सगळ्या आज्ञा भरते आणि मग 'चल'चे बटण दाबते. रोबोट एका आज्ञेला १५ सेंटिमीटर पुढे किंवा मागे जातो आणि वळण्याच्या आज्ञेला जागच्या जागी काटकोनात फिरतो. पडदा नाही, अक्षरे नाहीत. त्यामुळे वाचता न येणारे मूलही तो चालवू शकते.

अशा रोबोटसोबत मुले तीन ठिकाणी हमखास अडतात आणि खरे शिक्षण तिथेच होते. एक, "उजवीकडे" म्हटले की रोबोट उजवीकडच्या घरात जाईल असे मुलाला वाटते. प्रत्यक्षात तो फक्त तोंड फिरवतो, पुढे जायला आणखी एक आज्ञा लागते. दोन, रोबोट मुलाकडे तोंड करून येत असेल तर त्याचे उजवे आणि मुलाचे उजवे उलटे होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याचा हा फार चांगला सराव आहे. तीन, जुन्या आज्ञा पुसल्या नाहीत तर रोबोट त्या लक्षात ठेवतो आणि नव्या आज्ञा त्यांच्या पुढे जोडतो. मूल म्हणते, "हा वेडा झाला." वेडा कोणी झालेला नसतो, आधीचे पुसायचे राहिलेले असते. यंत्र चुकले नाही, सूचना चुकली, हे पाच वर्षांच्या मुलाला कळणे ही मोठी गोष्ट आहे.

हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही

परदेशी खेळणे, परदेशी कल्पना, मग आपल्या पाड्या-वस्त्यांचा याच्याशी काय संबंध? याचे उत्तर पालघर जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, हा विचार इथे रुजला आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळाच चराईच्या रानात गेली.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीतली शैक्षणिक साधने महाग होती. ती खेड्यात आणणे शक्य नव्हते. या दोघींनी साधने सोडली, पण तत्त्व सोडले नाही. मोजायला खडे आणि बिया, आकार-रंग ओळखायला पाने-फुले, हाताला वळण लावायला माती. मुलाने हाताळून, करून, चुकून शिकायचे हा गाभा तसाच राहिला.

रोबोटच्या बाबतीत आपल्याला नेमके हेच करायचे आहे. साधन परवडत नसेल तर तत्त्व घ्यायचे आणि साधन आपल्या अंगणातले वापरायचे.

रोबोट नसताना काय करायचे : चार खेळ

संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत जगभर वापरली जाते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असे अनेक खेळ तयार केले. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या शालेय पुस्तकमालेतही सॉफ्टवेअर पाठ करून घेण्यापेक्षा विचार करण्याच्या कौशल्यांवर भर आहे. खालचे चार खेळ अंगणवाडी, जिल्हा परिषद शाळा, समाजमंदिर किंवा विहाराच्या सभागृहात कोणालाही घेता येतील.

पहिला खेळ : शिवाजी म्हणतो. हा तर सगळ्यांना येतोच. "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटले तर हात वर करायचा, नुसते "हात वर" म्हटले तर हलायचे नाही. यात अट आहे : आधी 'शिवाजी म्हणतो' आले असेल तरच आज्ञा पाळायची. चार वेळा खेळून झाल्यावर मुलांनाच नवी अट ठरवू द्या. टाळी वाजली तर थांबायचे, नाहीतर चालत राहायचे.

दुसरा खेळ : मूलच रोबोट. फरशीवर किंवा अंगणात खडूने पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरे आखा. दोन-तीन घरांत दप्तरे ठेवा, ते अडथळे. एका घरात पाण्याची बाटली ठेवा, तिथे पोहोचायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर बाण काढून चार प्रकारची कार्डे करा : एक घर पुढे, एक घर मागे, जागेवर डावीकडे वळ, जागेवर उजवीकडे वळ. तीन-तीन मुलांचे गट करा. एक सांगणारा, एक कार्डे मांडणारा, एक रोबोट. आधी सगळी कार्डे ओळीने मांडायची, मगच रोबोटने चालायचे. रोबोटने स्वतःची अक्कल वापरायची नाही, समोर दप्तर आले तरी कार्ड सांगेल तेच करायचे. डावे-उजवे गोंधळत असेल तर सगळ्यांच्या उजव्या मनगटाला रंगीत रिबन बांधा.

तिसरा खेळ : चूक शोधा. तुम्हीच कार्डांची एक ओळ मांडा आणि मुद्दाम एक कार्ड चुकीचे ठेवा. रोबोट भलत्याच घरात जाईल. आता मुलांनी फक्त एकच कार्ड बदलून रोबोट बाटलीपर्यंत न्यायचा. पहिल्यांदा बहुतेक मुले सगळी कार्डे गोळा करून नव्याने सुरू करतात. तसे करू देऊ नका. एकेक कार्ड चालून पाहायला सांगा.

चौथा खेळ : पुन्हा तेच. "पुढे, पुढे, उजवीकडे वळ" अशी तीन कार्डे मांडा आणि शेजारी चारचा आकडा ठेवा. रोबोट चार वेळा तेच करील आणि निघालेल्या घरात परत येईल. त्याच्या पायांनी फरशीवर चौकोन काढलेला असेल. पॅपर्ट यांचे कासव हेच करत होते. तारपा नाचात तेच पाऊल पुन्हा पुन्हा टाकत गोल कसा फिरतो, हे आपल्या भागातल्या वारली मुलांना सांगावे लागत नाही. तिथून सुरुवात केली तर पुनरावृत्ती त्यांना लगेच कळते.

वीस-पंचवीस मिनिटे पुरे, आठवड्यातून दोनदा. मुले दमायच्या आधी थांबवा. आणि एक नियम कडक पाळा : दर फेरीला भूमिका बदलायच्या. नाहीतर बोलके मूल सतत आज्ञा देते आणि गप्प मूल सतत रोबोट होते. मुलगे सांगतात आणि मुली कार्डे गोळा करून डब्यात ठेवतात, हेही घडते. ही गोष्ट खेळातच मोडायची असते.

यातून खरोखर काही साध्य होते का?

इथे सावधपणे बोलायला हवे, कारण जाहिराती सावध नसतात.

१९८४ मध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड या अमेरिकन संशोधकांनी लोगो शिकलेल्या मुलांचा अभ्यास केला. प्रोग्रामिंग शिकले की मुलांची नियोजन करण्याची क्षमता आपोआप वाढते, असे त्यांना आढळले नाही. दुसऱ्या बाजूला, टफ्ट्स विद्यापीठातील मरीना बर्स यांच्या गटाने २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी रोबोटची आठवडाभराची कार्यशाळा घेतली, तेव्हा चित्रांवरून गोष्टीचा क्रम लावण्याच्या चाचणीत मुले आधीपेक्षा चांगली कामगिरी करू लागली.

या दोन अभ्यासांतली मुले, साधने आणि मोजमाप वेगळे आहे. पण एकत्र वाचले तर व्यवहारात उपयोगी पडेल असा धडा मिळतो. रोबोट हातात दिला म्हणून बुद्धी वाढत नाही. जवळच्या, नेमक्या गोष्टी सुधारतात आणि त्याही शिकवण्याचे नीट नियोजन असेल तर. म्हणून मोठ्या माणसाचे काम उत्तर सांगण्याचे नाही, तीन प्रश्न विचारण्याचे आहे. तुला काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? कुठल्या कार्डापर्यंत बरोबर होते?

प्रगती मोजायला परीक्षा नको. मूल चालायच्या आधी घरे मोजू लागले, "दोन नाही, तीन पुढे" असे म्हणू लागले, चूक झाल्यावर रडण्याऐवजी किंवा दुसऱ्यावर ढकलण्याऐवजी एक कार्ड बदलू लागले, तर ते शिकते आहे.

हे खेळ वाचन आणि गणिताच्या जागी आणायचे नाहीत. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे आणि आपल्या मुलांसाठी आजही तीच पहिली गरज आहे. चांगली गोष्ट अशी की, घरे मोजणे, दिशा सांगणे, क्रम लावणे, आपले म्हणणे शब्दांत मांडणे हे सगळे त्याच पायाला बळ देते.

बोईसर-तारापूरसाठी हा प्रश्न वेगळा का आहे?

तारापूरला १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. शेजारी बोईसरला औषधे, रसायने, कापड, पोलाद यांचे कारखाने असलेली मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांत आता यंत्रे प्रोग्रामवर चालतात. तापमान किती झाले की कोणता व्हॉल्व्ह बंद व्हायचा, कोणती मोटर कधी थांबायची, हे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा ठरवतात. "असे झाले तर हे कर" ही वरच्या पहिल्या खेळातली अट तिथे दिवसरात्र चालू असते.

आपल्या वस्त्यांतले अनेक आईवडील या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. त्यांना यंत्राची आज्ञा पाळायची असते. ती आज्ञा लिहिणारा माणूस वेगळ्या शाळेतून, वेगळ्या घरातून आलेला असतो. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते हेच : कोणत्या घरातल्या मुलाला यंत्र उघडून पाहायची मुभा मिळते आणि कोणाला "हात लावू नको" ऐकावे लागते. कॉलनीतल्या मुलाला पाचव्या वर्षी रोबोट मिळतो आणि चाळीतल्या किंवा पाड्यावरच्या मुलाला तो पंधराव्या वर्षी प्रदर्शनात काचेपलीकडे दिसतो. ही दहा वर्षांची दरी नंतर कुठल्याही कोर्सने सहज भरत नाही. तिसरीपासून विषय येणार असेल, तर दरी तिसरीच्या आधीच पडणार आहे.

या भीतीचाच बाजार होतो. २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातींत कोडिंग शिकून कोट्यवधींची नोकरी मिळवणारा एक मुलगा दाखवला गेला. तो मुलगा काल्पनिक होता. जाहिरात मानक परिषदेने कंपनीला काही जाहिराती मागे घ्यायला सांगितले. नावे बदलतात, पद्धत तीच राहते. सहा वर्षांच्या मुलाला नोकरीचे आमिष दाखवणारा क्लास दिसला तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. मूल स्वतः किती वेळ करते आणि किती वेळ बघत बसते? चुकले तर शिक्षक दुरुस्त करून देतात की मुलाला शोधू देतात? किट विकत घेतल्याशिवाय शिकता येते का?

आपण काय मागू शकतो?

रोबोट घ्यायचाच असेल तर घरटी नको, वस्तीला किंवा शाळेला एक घ्या. मुलांनी गटागटाने फरशीवर कार्डांनी तयारी करायची आणि पाळीपाळीने रोबोटवर तपासायची, असे केले तर एका रोबोटवर तीस मुलांचा वर्ग चालतो. खर्च काही हजारांचा आहे, तो वाटून घेता येतो.

पैशांचे मार्गही आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्रामसभेत अंगणवाडीच्या खेळसाहित्याची मागणी लेखी मांडता येते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्यात येते. तारापूरच्या कारखान्यांकडे मागणी करताना मात्र चकचकीत प्रयोगशाळा मागू नका. कुलूपबंद खोलीतला रोबोट कोणाच्याच कामाचा नाही. अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांचे प्रशिक्षण मागा, आणि मुलांच्या हातात राहील असे साहित्य मागा.

अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी आहेत. जवळच्या शाळेत अशी लॅब असेल तर तिथल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना महिन्यातून एकदा वस्तीत बोलवा. लहानांना शिकवताना त्यांचाही विषय पक्का होईल.

भाषेचा अडसर मानू नका. बोईसरच्या एका वर्गात मराठी, वारली, हिंदी, गुजराती, भोजपुरी बोलणारी मुले शेजारी बसतात. बाण सगळ्यांना सारखाच कळतो. आज्ञा प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत द्यावी.

एखाद्या गटाने पुढच्या रविवारी सुरुवात करायची ठरवली तर पुठ्ठा, कात्री आणि खडू एवढे पुरते. शिवाय आठवड्यातला तासभर देणारी, शिकलेली एक ताई किंवा दादा हवा. असे तरुण आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना विचारायचे तेवढे बाकी आहे.